आकड्यांची कार्डं

पोस्टमास्तरांचा निरोप आला तेव्हा मी चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत होते. गोरेगावात टपाल एरवी पोस्टमन शाळेत आणून द्यायचा. पोस्टातच बोलावलं म्हणजे तार आली असणार, असं वाटलं आणि मन नको तिथं गेलं. मधल्या सुट्टीत हातावरचा खडूही न धुता मी पळत गेले.

तार नव्हती. मास्तरांनी टेबलाच्या खणातून एक कार्ड काढलं, पण माझ्या हातात दिलं नाही.

"हे तुमचंच का, बाई?"

पत्ता माझाच होता, इंग्रजीत. तिकीट परदेशी होतं. मागच्या बाजूला छापील रकाने आणि त्यात निळ्या शाईनं चार आकडे: ५२५४. खाली तारीख, त्याखाली लांब शेपटीची एक सही. बाकी कोरं.

"माझंच आहे."

"मजकूर कुठंय मग?"

"हाच मजकूर, मास्तर. बुद्धिबळ आहे. पटावरच्या प्रत्येक घराला दोन आकड्यांचा नंबर असतो, आधी उभी ओळ, मग आडवी. बावन्नमधलं प्यादं चौपन्नमध्ये आलं, एवढंच."

त्यांनी कार्ड उलटसुलट केलं, उजेडाला धरून पाहिलं. "एवढ्यासाठी बल्गेरियाहून कार्ड?"

"मी उत्तर पाठवणार. मग तिकडच्या बाई पुढची चाल पाठवणार."

"आणि हे संपणार कधी?"

"दोन वर्षं लागतात. कधी तीन."

मास्तर पन्नाशी उलटलेले, औंढ्याकडचे, देवळातल्या सेवेकऱ्यांच्या घरातले, मोजून बोलणारे गृहस्थ. कार्ड त्यांनी दिलं, पण आधी त्यावरचे आकडे कागदाच्या चिठोऱ्यावर उतरवून घेतलेले मी पाहिले. परदेशी टपालाची नोंद ठेवत असतील, असं तेव्हा वाटलं.

हे सगळं ज्यांच्यामुळे झालं ते माझे वडील. आमच्या तांड्यावरचे पहिले शिकलेले. हिंगोलीच्या कोर्टात बेलीफ होते. समन्स निघेपर्यंत व्हरांड्यात तासन्‌तास बसून राहावं लागायचं. तिथं वकिलांचे कारकून बुद्धिबळ मांडायचे, ते पाहून ते शिकले आणि घरी येऊन मला शिकवलं. डी.एड.ला असताना मासिकातली जाहिरात पाहून मी टपाली स्पर्धेत नाव घातलं. समोर कोणी बसलेलं नसतं, वेळ भरपूर असतो, आणि तांड्यावरच्या मुलीला खेळायला कुठं जावं लागत नाही. खेळता खेळता माझं नाव वर सरकत गेलं. मग एक दिवस कोल्हापूरहून एका निवृत्त प्राध्यापिकेचं पत्र आलं. बायकांच्या आंतरराष्ट्रीय सांघिक टपाली स्पर्धेत आपल्या देशाचा चार जणींचा संघ उतरणार होता. त्या कर्णधार होत्या. चौथ्या पटावरच्या बाईंनी माघार घेतली होती, तुम्ही खेळाल का, असं त्यांनी विचारलं होतं. चौघींपैकी कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं. देशाचा संघ म्हणजे चार घरांतले चार पट.

मी हो कळवलं. एकाच वेळी सहा देशांतल्या सहा बायकांशी माझे डाव सुरू झाले.

तोवर माझं लग्न झालं होतं. नवरा गोरेगाव ते सेनगाव आणि पुढं हिंगोली अशी स्वतःची जीप चालवायचा. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, पण भांडण लागलं की तो मराठीवर यायचा. जीपवरची सगळी भांडणं मराठीत होत असल्यामुळे त्याला तीच भाषा भांडणाची वाटायची. सुरुवातीला तो खूश होता. "आमची बाई देशाकडून खेळून राहिली," असं सवाऱ्यांना सांगायचा. मग काही महिन्यांनी सांगणं बंद झालं. का, ते मला नंतर कळलं.

जीप स्टँडवर, चहाच्या टपरीमागे मटक्याचे आकडे घेणारा एक माणूस बसायचा. कुठून कोण जाणे, माझ्या कार्डांवरचे आकडे तिथं पोचू लागले होते. एकदा बावन्नची जोडी लावून कोणालातरी लागली. झालं. बाईला परदेशातून आकडा येतो, ती बुद्धिबळाचं नाव सांगते, असं गावात पसरलं. पालक पोरांच्या चौकशीचं निमित्त काढून शाळेत यायचे आणि जाता जाता आवाज खाली आणून विचारायचे, "बाई, ह्या हप्त्यात काय आलंय?" मी चिडून सांगायचे की तो घोडा आहे, एकाहत्तरमधून त्रेसष्टमध्ये गेला. ते मान डोलवायचे आणि एकाहत्तर, त्रेसष्ट पुटपुटत जायचे.

एका दुपारी बीटचा हवालदार शाळेत आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत मला बसवून त्यानं सहाही देशांची नावं लिहून घेतली.

"इथं काही लष्करी मामला तर न्हाई ना, बाई? आजकाल आकड्यात लई काही धाडतात."

"गोरेगावात लष्करी काय आहे, हवालदार?"

"तेच तर मला लिहावं लागतंय," तो म्हणाला. निघताना पोस्टाचा रस्ता विचारून गेला. त्या दिवसापासून माझ्या नावाचं टपाल मुख्याध्यापकांच्या टेबलावर पालथं ठेवलेलं असायचं. पोस्टमनला मी सांगितलं, शाळेत देऊ नको, स्टँडवर आमच्या माणसाजवळ देत जा.

तिथंच मी चूक केली असं नंतर खूप दिवस वाटत राहिलं. कारण आता सगळी कार्डं नवऱ्याच्या हातून यायला लागली. बाकीच्या पाचजणी नुसते आकडे पाठवायच्या. बल्गेरियावाली मात्र कधी एखादी ओळ लिहायची, आमच्याकडे बर्फ आहे, तुमच्याकडे काय आहे, अशी. नव्या वर्षाला तिनं समुद्राचं चित्र असलेलं कार्ड पाठवलं. ते नवऱ्यानं दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून वाचून घेतलं.

संध्याकाळी जेवताना मला विचारलं, "हे नाव बाईचं हाय का बाप्याचं?"

"बाईचं. स्पर्धाच बायकांची आहे."

"कंपाउंडरला न्हाई सांगता आलं."

"कंपाउंडरला काय कळतंय?"

"मंग समुद्राचा फोटू काहून धाडला? बाकीच्यांनी तर न्हाई धाडला."

मी हसले. ते हसणं त्याला लागलं. त्यानंतर बल्गेरियाचं कार्ड देताना तो ते ताटाशेजारी ठेवायचा, हातात द्यायचा नाही.

त्याच सुमारास आमचा जिल्हा परभणीचा हिंगोली झाला. मी सगळ्यांना नवा पत्ता कळवला. गाव तेच, घर तेच, फक्त जिल्ह्याचं नाव वेगळं. पुढं दोनेक महिन्यांनी कर्णधारबाईंचं जाड पाकीट आलं. आत स्पर्धेच्या पंचांच्या इंग्रजी पत्राची प्रत होती आणि बाईंचं स्वतःचं मराठी पत्र. बल्गेरियाच्या खेळाडूनं माझ्याविरुद्ध तक्रार केली होती.

टपाली बुद्धिबळात दहा चालींना तीस दिवस मिळतात. कार्ड प्रवासात असेल ते दिवस धरत नाहीत. म्हणून कार्ड कधी मिळालं आणि उत्तर कधी टाकलं, या दोन तारखा प्रत्येकीनं इमानानं लिहायच्या असतात. वेळ दोनदा ओलांडली की डाव गेला. तिचं म्हणणं असं, की तिची कार्डं आधी बारा दिवसांत पोचायची, आता मी पंधरा-सोळा दिवस लिहिते. त्यात माझा पत्ताही अचानक बदललेला. मी विचार करायला चोरून दिवस घेते आणि ते टपालाच्या नावावर घालते, असा तिला संशय होता. पंचांनी माझ्याकडे आलेली तिची मूळ कार्डं मागवली होती. कर्णधारबाईंनी शेवटी लिहिलं होतं, "तुम्ही त्याच गावात राहता ना, तेही कळवा."

मला इतका राग आला की त्या दिवशी मी वर्गात विनाकारण एका पोरीवर ओरडले. शनिवारी मी सगळी कार्डं घेऊन हिंगोलीला झेरॉक्स काढायला गेले. दुकानात गर्दी होती. नंबर लागेपर्यंत बाकावर बसून मी कार्डं तारखेप्रमाणे लावत होते आणि तेव्हा पहिल्यांदा गोरेगाव पोस्टाचे शिक्के नीट पाहिले. कार्ड पोस्टात आलं त्या दिवसाचा शिक्का नऊ तारखेचा, माझी तारीख तेरा. पुढच्यावर शिक्का दोन तारखेचा, माझी पाच. बाकीच्या पाचजणींच्या कार्डांवर मात्र शिक्का आणि माझी तारीख एकच. फक्त बल्गेरियाची कार्डं गोरेगावात येऊन तीन-चार दिवस कुठंतरी थांबत होती.

झेरॉक्स न काढताच मी परत निघाले. परतीला नवऱ्याच्याच जीपमध्ये, त्याच्याच शेजारी बसले होते. माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. फक्त तिचीच कार्डं. समुद्राचा फोटो, कंपाउंडर, आणि स्टँडवरचा मटक्याचा माणूस. आणखी काय पुरावा पाहिजे होता?

घरी आल्यावर मी कार्डं त्याच्यापुढं टाकली. "हे शिक्के बघा. तुमी ही कार्डं दाबून ठेवता."

तो आधी समजलाच नाही. मग समजलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "मी? पोस्टमन देतो त्याच दिशी तुला आणून देतो मी."

"मग तिचीच का उशिरा येतात? तुमी कोणाला दाखवता? कंपाउंडरला की त्या आकडेवाल्याला?"

"एकदा दाखवलं कंपाउंडरला. व्हय, दाखवलं. तेच्यानंतर हात न्हाई लावला." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुला माझ्यावर असा शक येऊन राहिला व्हय?"

आठ दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. मी ताट वाढून सरकवायचे, तो जेवून उठायचा. रात्री त्याच्या शर्टाचे खिसे तपासले, जीपच्या गादीखाली पाहिलं. काही सापडलं नाही, तर वाटायचं, लपवायला चांगला शिकलाय. संशय आला की माणसाला रिकामा खिसाही पुरावा वाटतो, हे मी तेव्हा स्वतःवरून शिकले.

नवव्या दिवशी जीप काढताना तो एवढंच बोलला, "मास्तरला जाऊन इचार. मला इचारलंस तसं."

पुढचा शनिवार सकाळच्या शाळेचा होता. शाळा सुटल्यावर मी पोस्टात गेले. हिंगोलीची एसटी नुकतीच येऊन गेली होती आणि टपालाची थैली टेबलावर पालथी झाली होती. मी आत न जाता खिडकीच्या बाजूला उभी राहिले. मास्तर पत्रं लावत होते. निळ्या काठाचं बल्गेरियाचं कार्ड मी लांबूनही ओळखलं. मास्तरांनी ते वाचलं, शिक्का मारला आणि खणात ठेवलं. बाकी टपाल पोस्टमनला दिलं. तो सायकलवरून गेला, मग मी आत शिरले.

"मास्तर, माझं काही टपाल?"

"आज काही न्हाई, बाई," मास्तर शांतपणे म्हणाले.

"खण उघडा."

ते हलले नाहीत. मी टेबलाला वळसा घालून गेले आणि स्वतःच खण ओढला. वर कार्ड होतं. त्याखाली पुठ्ठा. पुठ्ठ्यावर निळ्या पेन्सिलीनं आखलेली चौसष्ट घरं, प्रत्येकात बारीक नंबर. एका बाजूचे मोहरे चिंचोक्यांचे, दुसऱ्या बाजूचे लाखेच्या तुकड्यांचे. पार्सलं सील करायची तीच लाख. प्रत्येकावर एक अक्षर टोचलेलं. डाव माझाच होता. माझा हत्ती, माझा राजा, माझं एक जास्तीचं प्यादं, सगळं जिथल्या तिथं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तो हवालदार येऊन गेला तेव्हापासून." मास्तर उभेच होते. "म्हणाला, कार्डावर नजर ठेवा. आकडे तर पहिल्या कार्डापासून उतरवलेले होतेच. मलाही शक होताच. मग घरं आखून पाहिलं तर बराबर जमायला लागलं. तुमचं उत्तर इथूनच जायचं, तेही वाचायचो. मग..."

"मग काय?"

"मग आपल्याला काय सुचतं ते बघितल्याशिवाय कार्ड द्यावंसं वाटेना. बाकीची त्याच दिवशी देतो. हा एकच डाव मला समजतो." खणाकडे बोट करून ते म्हणाले, "पंधराव्या चालीला तुमी घोडा मागं घेतला, ते काहून? मी दोन दिवस शोधलं."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "उंटाला वाट द्यायला."

"हां," ते म्हणाले, आणि पुठ्ठ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली.

मग मात्र माझा आवाज चढला. त्यांच्या तीन-तीन दिवसांपायी मी परदेशात खोटारडी ठरले होते, घरात नवऱ्यावर आळ घेतला होता, सगळं सांगितलं. शेवटी मी विचारलं, "आणि स्टँडवर आकडे कोण पोचवतं?"

"पोस्टात दिवसाला पन्नास माणसं येतात, बाई," ते म्हणाले. पण माझ्याकडे न बघता म्हणाले. ते उत्तर मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

कर्णधारबाईंनी पोस्टाचा लेखी खुलासा मिळाला तर पाठवा असं लिहिलं होतं. मी ते सांगितलं. मास्तरांनी पोस्टाचा कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं. "काय लिहू सांगा. टपाल अडवून ठेवलं असं लिहितो. खरंच आहे ते." त्यांची निवृत्ती दीड वर्षावर आली होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात तारीख घातली.

मी कागद काढून घेतला.

का, ते आजही नीट सांगता येत नाही. दया आली हे खरं. पण खुलासा गेला असता तर चौकशी आली असती, पुन्हा हवालदार, पुन्हा आकडे, पुन्हा माझं नाव स्टँडवर, ही भीतीही होती. आणि खोटं कशाला बोलू, गोरेगावात माझा डाव दोन दिवस डोकं खाजवून बघणारा तो एकच माणूस होता.

कर्णधारबाईंना मी लिहिलं की तारखा लिहिताना माझ्या हातून चुका झाल्या, शिक्क्यांच्या तारखा धराव्यात. पंचांनी त्या धरल्या. माझी वेळ एकदा ओलांडली गेल्याचं ठरलं. पुन्हा ओलांडली असती तर डाव जाणार होता. मास्तर आता कार्ड स्वतः घरी आणून द्यायचे आणि दारातच उभे राहायचे. मी त्याच दिवशी उत्तर टाकायचे. पटावर राजे, हत्ती आणि प्यादीच उरली होती, हत्तींचा शेवट होता. हत्तींच्या शेवटाला घाई चालत नाही. जिथं हत्ती आडवा न्यायचा तिथं मी राजा पुढं नेला आणि जास्तीच्या प्याद्याची किंमत संपली. बल्गेरियावालीनं बरोबरी मागितली. मी मान्य केली आणि पूर्ण गुणाऐवजी अर्धा घेतला.

नवऱ्याला खरं सांगितलं तेव्हा तो चपलेचा अंगठा फिरवत बसला.

"मास्तरला एका मिनिटात माफ केलंस," तो म्हणाला. "मला आठ दिस ताट सरकवत व्हतीस."

"चुकलं माझं."

"त्याच्याबद्दल तर तुला पुरावा व्हता. माझ्याबद्दल काय व्हतं?"

तो उठून जीप धुवायला गेला. पुढं आमचं बोलणं सुरळीत झालं, संसार झाला, पोरं शिकली. पण मला यायचं टपाल त्यानं पुन्हा कधी हातात घेतलं नाही. पोस्टमननं पुढं केलं तर सांगायचा, "घरी ने."

निकालाचा कागद आला तेव्हा स्पर्धा सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. गटातले पहिले दोन संघ अंतिम फेरीला जाणार होते. आमचा संघ अर्ध्या गुणानं तिसरा आला. तो अर्धा गुण कुठं गेला हे मला माहीत होतं. कर्णधारबाईंच्या पत्रात तीनच ओळी होत्या. पहिल्या दोन पटांचं कौतुक होतं. शेवटची ओळ अशी: "तारखांच्या प्रकरणामुळे पुढील संघात आपला विचार करणं मला अवघड जाईल, हे आपण समजून घ्याल." मी त्यांना खुलासा करणारं पत्र लिहायला घेतलं, अर्धं लिहिलं आणि फाडलं. तोवर मास्तर निवृत्त होऊन औंढ्याला गेले होते, आता खरं सांगितलं तरी त्यांचं फारसं बिघडलं नसतं. पण एवढ्या उशिरा सांगितलेलं खरं कर्णधारबाईंना खरं वाटलं असतं का?

वडिलांनी तो डाव हिंगोलीत पटावर लावून पाहिला. शेवटापाशी आल्यावर त्यांनी बोट ठेवलं. "इथं राजा का हलवलास? हत्ती होता ना."

"घाई झाली."

"टपालात कसली घाई?"

मी पट आवरायला लागले. त्यांनी मोहरे पिशवीत भरायला मदत केली.